मेण थिजेपर्यंत

माझे मामा वीज कंपनीत लाइनमन होते आणि मामीचं सगळं आयुष्य मेणबत्तीच्या उजेडात गेलं. यात विनोद आहे हे मामीलाही कळत होतं, फक्त तिला हसू येत नसे. कुठेही दिवे गेले की मामा "आलोच" म्हणत शिडी घेऊन बाहेर. गावभर उजेड पाडून ते परत येईपर्यंत मामी टेबलाशी एकटी बसायची आणि दिवे आले की सांडलेलं मेण काढायची.

मेण काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाकडावर पडलं तर पिशवीत बर्फ घालून वर ठेवायचा, कडक झालं की लाकडी उलथन्याने अलगद उचलायचं. कापडावर सांडलं तर खालीवर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची, मेण कागदात उतरतं. ओलं असताना पुसायचं मात्र नाही, नाहीतर ठिपक्याचा नकाशा होतो. शेजारणी डागाळलेले टेबलक्लॉथ घेऊन यायच्या. मामी ते साफ करून द्यायची आणि मेणबत्तीखाली बशी ठेवायला काय धाड भरली होती, हेही ऐकवायची.

मामांना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मेणबत्ती पेटते आणि संपते, एवढंच त्यांचं ज्ञान. ती पेटलेली असताना ते कधी घरात नसतच.

मग मामा निवृत्त झाले. आता दिवे गेले तरी हा माणूस कुठे जाणार नाही, समोर बसेल, चार शब्द बोलेल, असे मामीचे बेत होते. नेमके दिवेच जायचे बंद झाले. कंपनीने जमिनीखालून नव्या तारा टाकल्या होत्या. मामा रोज संध्याकाळी बाल्कनीत उभे राहून रस्त्यावरच्या दिव्यांकडे रुसल्यासारखे बघायचे. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. "आता माझी गरज कुणाला," असं एकदा त्यांनी बाल्कनीच्या कठड्याला सांगितलं. मामीला रडू आलं आणि रागही आला. तीही तिथेच उभी होती.

त्याच सुमारास मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. एका संध्याकाळी मामी काहीतरी पुटपुटत मेन स्विचकडे गेली आणि घरात अंधार झाला.

"अहो, दिवे गेले," तिने तिकडूनच सांगितलं.

मामा बाल्कनीत जाऊन आले. समोरची घरं लखलखत होती. "आपलेच गेलेत," ते जवळजवळ खुशीत म्हणाले. "फ्यूज असणार. मेणबत्ती आण बघू."

मेन स्विचमधला फ्यूज काढून ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि तो त्यांनी उजेडात धरला. मला समोरून स्पष्ट दिसलं, आतली तार धडधाकट होती. मामांनी तारेकडे बघितलं, मग मामीकडे. मेणबत्ती धरून उभी असलेली मामी भिंतीकडे बघत होती. फसवाफसवीची सवय नसली की माणूस भिंतीकडेच बघतो.

"जळलाय," मामा म्हणाले.

आणि चांगली तार काढून त्यांनी नवी बसवायला घेतली. खांबावर चढून झटक्यात तारा जोडणाऱ्या माणसाला एवढासा फ्यूज बांधायला किती वेळ लागावा? मामांना लागत होता. स्क्रू सैल करता करता त्यांनी विचारलं, "एकटीला भीती वाटायची का गं?"

"आधी वाटायची. मग राग यायला लागला."

"मग बोलली नाहीस कधी."

"कुणाला बोलू? तुम्ही खांबावर."

बोलताना तिचा हात कलला आणि मेण टेबलावर सांडलं. मामा शर्टाच्या बाहीने पुसायला धावले.

"हात लावू नका. थिजू दे आधी."

मी बर्फ आणायला उठले. "बस तू," मामी म्हणाली. "थिजेल आपोआप."

बर्फाशिवाय टेबलावरच्या मेणाला हात न लावणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून मी मुकाट्याने बसले.

फ्यूज तयार झाला होता. मामांनी तो बाजूला ठेवला आणि मामीसाठी शेजारची खुर्ची ओढली. मेण केव्हाच पांढरं पडलं होतं.

"किती वेळ लागतो थिजायला?" त्यांनी विचारलं.

"लागतो बराच," मामी म्हणाली आणि बसली.