अखेर चिमाबाई गेल्या!

ओतूरच्या एसटी स्टँडवर एक काळा फळा होता, आणि त्यावर काय लिहायचं हे चौदा वर्षं सलीम पेंटर ठरवत. पाणी कधी सुटणार, कुठला रस्ता बंद, कोण गेलं. फळा जेमतेम दोन हात, त्यामुळे सलीमभाईंचं लिहिणंही तेवढंच: जे आहे ते, नावगावासकट. "सलीमनं लिवलंय म्हंजी खरं हाय," असं लोक म्हणत, आणि एवढ्यावरच हा माणूस खूश असे.

मग फ्लेक्स आले. ब्रश सुकले, फळा कुणीतरी उचलून नेला आणि ऐन पन्नाशीत सलीमभाई रिकामे झाले. तेव्हा कापडवाल्या घेवरचंदशेठचा पारस धावून आला. साल २००८. त्यानं जुन्नर-आंबेगावच्या बातम्यांची वेबसाइट काढली होती. पोटापाण्यासाठी लांब गेलेली माणसं ती वाचायची. मथळे सलीमचाचांनी कागदावर लिहायचे, पारसची बहीण टीना ते टाइप करणार, आणि खाली चाचांचं नाव.

नावाला मान होता, पण काम म्हणजे घाण्याला जुंपणं. रोज बारा मथळे. सलीमभाई लिहून द्यायचे, 'घोडेगावात शनिवारी दाखल्यांचं शिबिर.' पारस कपाळाला हात लावायचा.

"चाचा, सगळं बाहेरच सांगितल्यावर आत कोण येणार? लोकांनी क्लिक केलं पाहिजे!"

"ज्याला दाखला पाहिजे तो येईल की."

"आणि बाकीचे?"

बाकीच्यांसाठी मग 'घोडेगावात शनिवारी असं काय घडणार?' असं व्हायचं. घडायचं काही नाही. दाखले मिळायचे, तेही निम्म्यांना. वर्षभरात माणूस आंबून गेला. जेवायला बसले तरी डोक्यात उद्गारचिन्हं नाचायची.

एका सोमवारी दिवसाचा शेवटचा मथळा उरला होता. गावातल्या चिमाबाई शेळ्या पाळायच्या. दिल्लीच्या प्रदर्शनाला बचत गटातून कोणाला पाठवायचं, त्या यादीतून त्यांचं नाव तीनदा कापलं गेलं होतं. चौथ्यांदा ते राहिलं आणि बाई शनिवारी एकदाच्या दिल्लीच्या गाडीत बसल्या. सलीमभाईंनी हे सरळ लिहिलं. पारसनं नकारार्थी मान हलवली. सलीमभाईंची पाठ दुखत होती, वाद घालायचं त्राण नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला आणि लिहिलं: अखेर चिमाबाई गेल्या!

'गेल्या' हा शब्द त्यांना टोचला नाही असं नाही. फळ्यावर तो त्यांनी शेकडो वेळा लिहिला होता, आणि दरवेळी एकाच अर्थानं. ध चा मा करायला निदान एक अक्षर बदलावं लागलं होतं. इथं तेवढेही कष्ट पडले नाहीत. "झकास!" पारस म्हणाला. सलीमभाई चपला घालून घरी गेले.

चिमाबाईंचा एकुलता एक कुंडलिक रायपूरला रस्त्याच्या कामावर मशीन चालवायचा. आईशी भांडून गेला त्याला सहा वर्षं झाली होती. ना फोन, ना पत्र. पण गावाची वेबसाइट तो सायबर कॅफेत जाऊन न चुकता उघडायचा. त्यानं मथळा वाचला, खाली सलीम पेंटरचं नाव वाचलं आणि आतली बातमी उघडायच्या आत लाइट गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं घरी फोन लावला. कुलूपबंद घरात तो उचलणार कोण? पोरगं गाडीत बसलं, नाशिकला उतरून गोदावरीवर डोकं भादरून घेतलं आणि शुक्रवारी आईच्या दारात उभं राहिलं. आई आदल्या रात्रीच परतली होती. ती शेळीला पाला टाकत होती.

गाव दोन दिवस हसलं. सलीमभाई घराबाहेर पडले नाहीत. आपण जित्याजागत्या बाईच्या पोराचं मुंडण केलं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी चिमाबाईच त्यांच्या दारात आल्या.

"चुकलो, बाई," सलीमभाई हात जोडून म्हणाले. "थकलो होतो. पण कळत होतं मला."

"शिव्या द्याया न्हाई आले, सलीमभाऊ. पोरगं सहा वर्सांनी घरी आलं. माज्या हातचं जेवलं. लई रडलं."

सलीमभाईंना जरा हायसं वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. बाई उभ्याच राहिल्या.

"आज सकाळी परत बी गेलं. काम सोडून आलं व्हतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "येकच इचारते. तुमी लिवलं म्हनून त्यो आला. आता मी खरंच गेले, आन् तुमी लिवलं, तर यील का वो त्यो?"