राखून ठेवलेलं गाजरगवत

आमच्या गावाला एक खोड आहे. साहेब येणार म्हटलं की रस्त्याकडेचं गवत कापायचं आणि दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ मारायची. साहेब कशासाठी येतोय, हे विचारायची पद्धत नाही. त्या पावसाळ्यात या खोडीपायी आमचं सगळं काम मातीत जाणार होतं.

काम होतं गाजरगवताचं. आपण आपलं वावर साफ करायचं, शेजारच्या पडीतातून बी उडून यायचं, की पुन्हा येरे माझ्या मागल्या. सगळ्यात जास्त भोगलं माझ्या सासूबाईंनी. या गवताचा नुसता वारा लागला तरी त्यांचे हात कोपरापर्यंत सुजायचे, डोळे मिटायचे. परतवाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, वावर सोडा. जन्म वावरात गेलेली बाई दारातल्या बाजेवर बसून राहिली. मला ते बघवत नसे.

मग सरकारी निधी आला. अट एकच, सगळ्या गावानं मिळून एकाच वेळी गवत काढायचं. बांध, रस्ता, पडीत, काही सुटता कामा नये. काम आमच्या बायकांच्या गटाकडे आलं. हातमोजे मिळाले, मजुरी मिळाली आणि अकोल्याहून डब्यांत भरून भुंगे आले. तुरीच्या दाण्याएवढे, पाठीवर तपकिरी रेघा. हे गाजरगवतच खातात म्हणे! आता सरकार किडे पाळणार, असं मी मनात म्हटलं. बाकी सगळं गवत उपटायचं, पण एक पट्टा या पाहुण्यांसाठी तसाच राखायचा होता. तो निघाला नेमका आमच्याच बांधाला, रस्त्यालगत.

श्रावणात भुंगे सोडले आणि थोड्याच दिवसांत निरोप आला, काम बघायला साहेब येताहेत. झालं! सकाळीच अर्धं गाव विळे घेऊन पट्ट्यापाशी हजर. मी घसा फोडून ओरडत होते, पण ऐकतंय कोण?

"साहेबाले हे जंगल दाखवतं का वं?" शेजारचे काका माझ्यावरच उखडले. "गावाची काई इज्जत हाये का नाई?"

तेवढ्यात सासूबाई आल्या. तोंडावर पदरसुद्धा घेतला नव्हता. सरळ गवतात शिरून उभ्या राहिल्या.

"कापा," त्या म्हणाल्या. "पयले मले कापा."

"काकू, तुमाले सोसत नाई. बाहेर या!" विळेवाल्यांतला एक पोरगा ओरडला.

"सोसत नाई म्हणूनच उभी रायली. थे किडे उपाशी मेले तं माह्यं वावर मले कोन वापस देईन?"

कुणाचाही विळा चालला नाही. साहेब आले तेव्हा पांढऱ्याशुभ्र रेघांच्या मागे कमरेएवढं गाजरगवत होतं आणि त्यात सुजत चाललेल्या सासूबाई. साहेबांनी एक पान उलटून खालची अंडी पाहिली आणि म्हणाले, "छान राखलंय." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सासूबाईंचे डोळे मात्र पुढे कितीतरी दिवस उघडले नाहीत.

दसऱ्याच्या सुमारास मी पट्ट्यावर गेले आणि जागीच थांबले. पानं नव्हतीच, नुसत्या काड्या उभ्या. त्यांवर भुंगे आणि त्यांची पिल्लं, एकसारखी खात होती. मी मुद्दाम शेजारची तूर पान अन् पान तपासली, कारण माझा स्वभावच तसा. एकाही पानाला भोक नव्हतं. एवढुशा जिवाला आपलं कोणतं आणि परकं कोणतं, हे कुणी शिकवलं असेल? मी थक्क होऊन बघत राहिले.

पुढल्या वर्षी तर डबेही आले नाहीत. पाऊस झाला आणि भुंगे मातीतून आपले आपण वर आले. सारा उन्हाळा आम्ही ज्या भुईवरून चाललो, तिच्याच पोटात ते झोपले होते. माझ्या अंगावर काटा आला.

त्या आषाढात सासूबाई निंदायला बसल्या, बाह्या वर सारून. पट्ट्यावर आता गवताचं तुरळक रोप दिसत होतं. एक भुंगा उडून त्यांच्या हातावर बसला. मी झटकायला गेले.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सांनी वावरातलं कायीतरी अंगावर बसलं अन् खाज नाई आली."