विहारातले पाच स्टार

आमच्या एजन्सीत इंटर्नला पहिले काही महिने स्वतःचं असं काही करायला मिळत नाही. दुसऱ्यानं केलेल्या स्क्रीनवरचं बटण जरा वर घे, रंग बदल, क्लायंटला आवडला नाही म्हणून परत आधीचाच कर, असली कामं. त्यामुळे रायपूरच्या पंडरी कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याचं अॅप जेव्हा जवळजवळ पूर्ण माझ्या हातून झालं आणि स्टोअरवर दिसायला लागलं, तेव्हा मी ते घरी दाखवलं. कोणीही दाखवलं असतं. शिवाय हे अॅप नीट चाललं की मला पर्मनंट करणार, असं ठरलेलं होतं.

माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीसाठी रायपूरला आले आणि इथलेच झाले. इंजिनीअरिंग संपल्यावर मी बरेच दिवस घरी बसून होते. त्या काळात कोणी ‘पोट्टी काय करते?’ असं विचारलं की बाबा पाणी प्यायला उठायचे. आता त्यांच्याकडे उत्तर होतं आणि तेही खिशात, फोनमध्ये. अॅप होतं गावोगावच्या दुकानदारांनी लग्नसराईच्या साड्या घाऊक मागवण्यासाठी. बाबांना घाऊक साड्या घेऊन काय करायचं होतं? तरी रोज सकाळी पेपर वाचून झाला की ते अॅप उघडून एकेक डिझाइन बघत बसायचे.

आमच्या बुद्ध विहारात रविवारी वंदना झाली की चहा होतो. मी त्या रविवारी गेले नव्हते. बाबांनी तिथं जमलेल्या सगळ्यांना ते अॅप घ्यायला लावलं. कोणी कुरकुर केली की डेटा संपेल, तर यांनी स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करून दिला. मग प्रत्येकाच्या शेजारी बसून पाच स्टार कसे द्यायचे ते शिकवलं. खाली काय लिहायचं तेही सांगितलं, व्यापाऱ्याला कळावं म्हणून हिंदीत: बहुत अच्छा ऐप है, हमारी बेटी ने बनाया है. सगळ्यांनी तेच लिहिलं, शाळेत शुद्धलेखन घालतात तसं. घरी आल्यावर चपलाही न काढता ते मला म्हणाले, “सगळ्यायनं देले, बेटा. एकानंही चार नाही देले.”

मला हसू आलं आणि त्यांची फार माया आली. यात काही चूक आहे हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

दोन-तीन दिवसांत अॅप स्टोअरवरून गायब झालं. खोटे रिव्ह्यू मिळवल्याबद्दल काढून टाकलं आहे, अशी मेल आली. आमचे टीम लीड छत्तीसगढी, आम्ही सगळे त्यांना भैया म्हणतो. त्यांनी सगळ्यांना जमवलं आणि ते रिव्ह्यू मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एकाच संध्याकाळी, एकाच नेटवरून, एकच वाक्य. हमारी बेटी ने बनाया है, हमारी बेटी ने बनाया है. ही बेटी इतक्या लोकांची कशी, म्हणून ऑफिस हसून लोटपोट झालं. त्या नावांत मला लहानपणी कडेवर घेऊन फिरलेल्या मावशी होत्या, बाबांच्या ऑफिसातले काका होते. शेवटी मी म्हटलं, “भैया, ये मेरे पापा ने करवाया है.”

हसणं एकदम थांबलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

भैया रागावले नाहीत. खरं काय ते लिहून स्टोअरकडे अपील कर, म्हणाले. मी लिहिलं की ही माणसं खरी आहेत, प्रत्येकाचा स्वतःचा फोन आहे, नेट फक्त माझ्या वडिलांचं होतं, कोणी कोणाला काही दिलं-घेतलं नाही. समोरचा चहा निवायच्या आत उत्तर आलं. अॅप बनवणाऱ्याच्या ओळखीतल्यांनी रिव्ह्यू द्यायचा नसतो, आणि ते ओळखीतले आहेत हे तुम्हीच मान्य केलं आहे. म्हणजे माझा खरेपणाच माझ्या अंगाशी आला. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, शब्दही तेच. फोन नंबर नाही, ऑफिस नाही. रेल्वेत निदान खिडकी असते, माणूस तिथं जाऊन भांडू तरी शकतो. मी ज्याच्याशी भांडत होते तो माणूस तरी होता की नाही, हे मला आजही माहीत नाही.

व्यापारी स्वतः ऑफिसात येऊन बसला. लग्नसराई तोंडावर होती, आणि ऑर्डर यापुढे अॅपवरच टाका असं त्यानं दुकानदारांना सांगून ठेवलं होतं. त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तो बिचारा मला एवढंच विचारत राहिला की बेटा, परत कधी येईल. मी भैयांकडे बघितलं, भैयांनी खिडकीबाहेर बघितलं. शेवटी नवं खातं काढून, नाव बदलून आम्ही ते अॅप पुन्हा चढवलं, तोवर दुकानदार साड्यांचे फोटो फोनवर पाठवायच्या जुन्या सवयीला लागले होते. भैयांनी शब्द टाकला म्हणून माझी नोकरी गेली नाही, पण पर्मनंटचा विषय कोणी पुढं काढेना.

घरी बाबा विचारू लागले की अॅप काहून दिसत नाही. खरं सांगितलं असतं तर ते विहारातल्या एकेकाच्या घरी जाऊन माफी मागत फिरले असते, आणि माझी नोकरी आपण अडवली हे त्यांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतलं असतं. मी म्हटलं, सेठनं बंद केलं, त्याला पसंत पडलं नाही. पुढच्या रविवारी विहारात कोणीतरी त्यांना विचारलंच. मी मागेच चहाचा कप घेऊन उभी होते. बाबा हळू आवाजात म्हणाले, “बंद झालं ते. शिकून राहिली पोट्टी अजून.” मला त्यांचा राग आला, माझा आला, आणि मी कप विसळायला निघून गेले.

पुढं मी पर्मनंट झाले, मग सीनियर. आता नवी मुलंमुली अडली की माझ्या टेबलाशी येतात, आणि मी त्यांना पहिल्याच दिवशी बजावते की घरच्यांना रिव्ह्यू लिहू देऊ नका. त्यांना गंमत वाटते. मी शाळांची अॅप केली, दूधवाल्यांची केली, पण घरी एकही दाखवलं नाही. आधी भीती होती, हे पुन्हा विहारात जातील अशी. नंतर भीती गेली, पण सांगायचं कुठून? एक दाखवलं की बाकीची का लपवली ते सांगावं लागलं असतं, आणि मग ते पहिलंही. बाबा विचारायचे, काय करून राहिली आजकाल? मी म्हणायची, ऑफिसचं आतलं काम आहे, बाहेर दिसत नाही. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं.

आता त्यांना साखर आहे. ज्या पॅथॉलॉजीत ते रक्त देतात तिचं अॅप आमच्या टीमनं केलंय, रिपोर्टचा भाग पूर्ण माझा. अक्षरं मोठी ठेवायची म्हणून मी डिझाइनरशी भांडले होते, आणि भांडताना डोळ्यांपुढं बाबाच होते. परवा त्यांनी पहिल्यांदाच रिपोर्ट आपल्या हातानं उघडला आणि मला हाक मारून शेजारी बसवलं.

“हे पाह्य, कसं बनवलं यायनं,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसालेही समजते.”

मी बघितल्यासारखं केलं. त्यांनी फोन खाली ठेवला, माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि जपून, मला लागू नये अशा बेतानं म्हणाले, “तुलेही जमन असं एक दिवस. धीर नको सोडू.”

मी हव म्हटलं, आणि साखर किती आली ते विचारलं.