आवाज गेल्यानंतरचा हिवाळा

आमच्या घरी नाताळ नसतो, पण नाताळची सुट्टी असते. मी बेळगावात शाळेत शिकवते. धाकटा भाऊ कारवारला नोकरी करतो. डिसेंबरच्या शेवटी शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की आम्ही दोघंही कुंभारवाड्याच्या पुढं, रानातल्या आमच्या वाडीवर जायचो. तोपर्यंत भाताची मळणी झालेली असायची, अंगण सारवलेलं असायचं, आणि थंडी अशी पडलेली असायची की दुपारीही पडवीत शाल लागायची. वाडीवर आई असायची आणि आमची थोरली बहीण, आक्का.

आक्काचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, तेव्हा ती परत आली ती कायमचीच. पुढं अंगणवाडीत मुलांना सांभाळायची. शेत तिनंच बघितलं, आईला तिनंच बघितलं. आणि आम्हा दोघांना मराठी वाचायला तिनंच शिकवलं. आमची शाळा कन्नड. घरात बोलायचं मराठी, पण लिहायचं-वाचायचं सगळं कन्नडमध्ये. आक्काकडं एक पत्र्याची ट्रंक होती. त्यात रामनगरच्या बाजारातून, बेळगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेली पुस्तकं आणि दिवाळी अंक. हिवाळ्यात चुलीपाशी बसून ती मोठ्यानं वाचायची आणि आम्ही तिच्या खांद्यावरून अक्षरं बघायचो. तिचा आवाज मोठा होता, जरा खरखरीत. शेताच्या ह्या बांधावरून तिनं हाळी दिली की पलीकडच्या वाडीतल्या बायका ओ द्यायच्या.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटीच काढून टाकली. आता गळ्याच्या खळगीत एक भोक होतं आणि श्वास त्यातूनच यायचा-जायचा. त्यावर ती पांढरं फडकं बांधायची. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की धूर नको, धूळ नको, आणि पाणी तर अजिबात आत जाता कामा नये. अंघोळसुद्धा जपून.

त्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत काहीही झालं तरी नेहमीसारखं करायचं, असं मी आणि भावानं फोनवर ठरवलं होतं. मी दिवाळी अंकांचा गठ्ठा घेतला. भाऊ आणि त्याची बायको, जिला मी वहिनीच म्हणते, गाडीनं अणशी घाट चढून आले ते लॅपटॉप, मोठा स्पीकर आणि पेन ड्राइव्हभर सिनेमे घेऊन. आमच्या वाडीवर मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे सिनेमे असे भरूनच आणावे लागतात.

आम्ही पोचलो तेव्हा आक्का अंगणात उभी होती. वाळली होती, पण केस नीट विंचरलेले, साडी इस्त्री केल्यासारखी. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवला आणि ओठ हलवले. मला काही कळलं नाही. तिनं पुन्हा हलवले. आई म्हणाली, "वाळलीस म्हनत हाय तुला." मला हसावं की रडावं कळेना.

चहा झाल्यावर भावानं खिशातून एक शिट्टी काढली. लाल दोरीची, खेळाच्या मास्तरांकडं असते तसली. "ही गळ्यात घाल आक्का," तो म्हणाला. "रानात असलीस, शेतात असलीस, काय पायजे झालं तर वाजवायची. आमाला लगेच कळंल." ती त्यानं मोठ्या हौसेनं आणली होती.

आक्कानं शिट्टी हातात घेतली, तोंडाला लावली आणि जोर केला. गाल फुगले नाहीत. गळ्यावरचं फडकं मात्र वर उडालं आणि त्याखालून फुस्स असा आवाज आला. तिचा सगळा वारा आता तिथूनच जात होता. तोंडात फुंकायला काही उरलंच नव्हतं. हे आम्हा कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, बहुतेक तिच्याही नाही. तिनं पुन्हा एकदा करून बघितलं. मग शिट्टी भावाच्या हातात ठेवली आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "टाळ्या वाजवती ती. तेवढं पुरं हाय."

संध्याकाळी चूल पेटवली. दरवर्षी आम्ही तिच्याभोवती बसून कंद भाजायचो, काळा चहा प्यायचो. ह्या वेळी आक्का धुरामुळं लांब, दाराच्या पलीकडं पडवीत बसली, दोन शाली पांघरून. आम्ही आत ऊब घेतोय आणि ती बाहेर थंडीत, हे काही बरं दिसेना. मी उठून तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं दिवाळी अंकांतला एक निवडला, पान उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवला. तूच वाच, असं बोटानं सांगितलं.

मी वाचायला लागले. एका म्हाताऱ्या जोडप्याची गोष्ट होती. मी शाळेत रोज वाचते, पण त्या दिवशी सारखी अडखळत होते. जिथं मी घाई करायची तिथं आक्का माझ्या गुडघ्यावर बोट वाजवायची. थांबून पुन्हा वाचायचं. लहानपणी ती असंच करायची, फक्त तेव्हा तोंडानं रागवायचीही. वहिनी आतून ऐकत होती. भाऊ कंद उलटत होता. गोष्ट निम्म्यावर आली तेव्हा आईनं जांभई दिली.

"तुज्या वाचन्यात काय मजा न्हाई बाय," ती म्हणाली. "आक्का, तूच वाच की गे."

ती हे बोलून गेली आणि मग तिचं तिलाच कळलं. तिनं पदर तोंडाला लावला. आक्का हसली, तिचं ते नवं, बिनआवाजाचं हसू. नुसते खांदे हलतात आणि फडकं फडफडतं. आईला ते हसणं बघवायचं नाही. ती उठून गोठ्याकडं गेली आणि बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळं जरा हलकं झालं. ऊन पडलं. आक्कानं वहिनीला नाचणीच्या भाकरी थापायला शिकवल्या. चूक झाली की तिच्या हातावर चापट मारून. दुपारी जेवण झाल्यावर भावानं माजघरात गाद्या टाकल्या, खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला आणि लॅपटॉप फळीवर ठेवला. लग्नघरातल्या गोंधळाचा विनोदी सिनेमा होता. स्पीकर नवीन होता. भावानं आवाज वाढवला तेव्हा आई म्हणाली, "जोरात ऱ्हाऊ दे, मला ऐकू येत न्हाई." आम्ही सगळे एका रांगेत, पायांवर रजया घेऊन. आक्का कडेला, दाराजवळ.

आई इतकी हसली की मी तिला तशी हसताना कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भाऊ सिनेमा बघायचा सोडून तिच्याकडंच बघत होता.

मध्येच आक्का उठली. दारात उभी राहून तिनं आईला हातानं काहीतरी खूण केली, परसाकडं बोट दाखवलं. आईनं मान हलवली. आम्हाला वाटलं, मोरीकडं जात असेल.

आमच्या घराला पाणी डोंगरावरच्या व्हाळातून येतं. वरती ओढ्यात दगडांच्या मध्ये काळ्या पायपाचं तोंड अडकवलेलं असतं, आणि तिथून उतारानं पाणी थेट परसातल्या टाकीत पडतं. हिवाळ्यात पानगळ झाली की तोंडाशी पाला अडकतो आणि धार बारीक होते. मग कोणीतरी वर जाऊन पाला काढायचा. ते काम कायम आक्काचं. त्या दुपारी धार बारीक झालेली तिला दिसली आणि ती वर गेली.

सिनेमा लांबत गेला. मध्ये वहिनी चहा ठेवायला म्हणून उठली आणि परत आली. "टाकीत पाणी पडत नाही," ती म्हणाली. "थेंबसुद्धा नाही."

"पाला आला असंल," भाऊ म्हणाला. "शेवट होऊ दे, मग बघतो. बस."

ती बसली. आम्ही शेवट बघितला. शेवटी लग्न होतं, सगळे नाचतात. भावानं खिडकीवरची गोधडी काढली तर बाहेर ऊन गेलेलं, झाडांखाली काळोख धरायला लागलेला. आई म्हणाली, "आक्का कुटं हाय?"

मी मोरीत बघितलं. भाऊ गोठ्यात बघून आला. आईनं अंगणात उभं राहून हाका मारल्या, मग तिचं तिलाच लक्षात आलं की हाकेला ओ येणारच नाही. तशीच ती हाका मारत राहिली. भाऊ धार बंद पडलेल्या टाकीपाशी क्षणभर थांबला आणि मग पायपाच्या रेषेनं वर पळत सुटला. मी त्याच्या मागं.

ती ओढ्यातच होती. शेवाळावरून घसरून दोन धोंड्यांच्या मध्ये पडली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. पाणी फार नव्हतं, आडव्या पडलेल्या तिच्या खांद्यापर्यंतच, पण बर्फासारखं. तिनं एका हाताच्या कोपरावर शरीर उचलून धरलं होतं आणि दुसरा हात गळ्याच्या भोकावर आडवा. फडकं भिजून गळ्याला चिकटलं होतं. ओठ निळे. पायपाचं तोंड तिच्या शेजारी, पाण्याबाहेर उपसून टाकलेलं होतं.

तिला हाक मारता येत नव्हती. टाळ्या वाजवायला दोन्ही हात मोकळे नव्हते, आणि वाजवल्या असत्या तरी त्या स्पीकरपुढं आम्हाला ऐकू आल्या नसत्या. म्हणून तिनं पायपच ओढून काढला होता. घरचं पाणी बंद झालं की कोणीतरी वर येईल.

भाऊ पाण्यात उतरला. "आक्का, आलो आक्का, आलो," एवढंच तो म्हणत होता. तिला उचललं तेव्हा तिनं तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि त्यातून काहीच आलं नाही. तसं किंचाळणं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

गाडीतून आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून बेळगावला. मांडीचं हाड मोडलं होतं. तेही डॉक्टरांनी नीट केलं. पण पाणी छातीत गेलं होतं आणि कफ धरला. भोकातून नळी घालून तो ओढून काढायचे, तेव्हा ती माझा हात असा दाबायची की माझी बोटं बधिर व्हायची.

मी शाळेला रजा टाकून तिच्याजवळ राहिले. तिथं मला तिच्या ओठांवरचं वाचता यायला लागलं. सुरुवातीला एकेक शब्द, मग वाक्यं. ती फार काही मागायची नाही. गाईचं विचारायची. आई जेवली का विचारायची. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं आणि ओठ हलवले. मला पहिल्यांदा खरं वाटलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. ती विचारत होती, शेवटी लग्न कुणाचं झालं?

मी तिला सगळा शेवट सांगितला. नवरदेव पळून जातो तिथपासून. तिनं नीट ऐकून घेतलं. मध्ये एकदा तिचे खांदे हलले. मग खोकला आला आणि नर्सला बोलवावं लागलं.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, सकाळी डॉक्टरांची फेरी चालू असतानाच, ती गेली. मी खाली औषधाच्या दुकानात होते.

वाडीवर नेलं. तिच्या अंगणवाडीत शिकलेली पोरं, आता चांगली मोठी झालेली, लाकडं फोडायला आली. सगळं उरकल्यावर आई पडवीत बसली होती. भाऊ तिच्यासाठी पेजेची वाटी घेऊन गेला. तिनं वाटीकडं बघितलं नाही.

"मी तुला म्हटलं हुतं," ती म्हणाली. "आवाज कमी कर म्हटलं हुतं. तू ऐकलं न्हाईस."

सगळे बघत होते. आई असं म्हणाली नव्हती. उलट जोरात ऱ्हाऊ दे म्हणाली होती, आणि हे मला, वहिनीला, भावाला, तिघांनाही माहीत होतं. वहिनीनं तोंड उघडलं. भावानं तिच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली.

"व्हय आई," तो म्हणाला. "चुकलं माजं."

त्याला वर्ष होत आलं. आई वाडी सोडायला तयार नाही. शेजारची बाई रात्री सोबतीला येते, शेत वाट्यानं दिलंय. आईच्या घरात रेंज नाही, म्हणून ती रविवारी सकाळी सडकेवरच्या दुकानात येऊन बसते आणि तिथून मला फोन करते. भावाचा फोन आला तर दुकानदाराच्या हातात देते. ह्या नाताळच्या सुट्टीत कोण कधी येणार, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

मी एकदा कारवारला गेले होते तेव्हा भावापाशी विषय काढला. तो बाल्कनीत कपडे वाळत घालत होता.

"आई तसं म्हणाली नव्हती," मी म्हटलं. "मी सांगते तिला. कोणीतरी सांगायला पाहिजे."

"नको," तो म्हणाला.

"तू का ऐकून घेतोस मग?"

त्यानं शर्ट झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. "तिला माहीत हाय की," तो म्हणाला. "तिनं काय म्हटलं हुतं ते तिला पक्कं माहीत हाय. म्हनून तर."

मग आतून वहिनीनं जेवायला हाक मारली आणि आम्ही आत गेलो.