ताईचा होकार

ताईनं लग्न करायचं ठरवलं तेव्हा घरात आकाश कोसळलं. ह्या वयात? आणि तेही कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याशी? भाऊ म्हणाला, "ताई, डोकं फिरलंय का तुझं? तू गेल्यावर पोरांचं कोण बघणार?" घ्या, पोटातलं ओठांवर आलंच! आईवडील गेल्यावर ताईनं कापड गिरणीत माग चालवून ह्याला वाढवलं, ह्याचं लग्न लावलं, ह्याची पोरं अंगाखांद्यावर खेळवली. तिलाही स्वतःचं काही हवं असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

कुलूपवाला विधुर, बोलण्यात अगदी गरीब. घराची किल्ली मोडली म्हणून ताई त्याच्याकडे गेली, आणि मग किल्ली धड असतानाही जाऊ लागली. "करायचंय तर करायचंय," ती म्हणाली आणि नोंदणी कचेरीत जाऊन तारीख घेऊन आली.

साक्षीला कुलूपवाल्याचे दोन शेजारी, आणि ताईकडून भोंगा. भोंगा म्हणजे शेजारचा माग चालवणारी तिची जिवलग मैत्रीण. आवाज असा, की गिरणीचा भोंगा बिघडला तरी हिच्या हाकेवर पाळी सुटावी. पण मागखात्यात तिचीही डाळ शिजत नाही. सगळे माग एकदम धडधडत असताना घसा फोडून उपयोग काय? तिथल्या बायका नुसते ओठ हलवतात, आवाज काढतच नाहीत. समोरची ओठ बघते आणि समजून घेते. सासूची गाऱ्हाणी, पोरांची आजारपणं, मुकादमाची टिंगल, सगळं असंच. कुलूपवाल्याची बातमीही ताईनं अशीच दिली होती, आणि आनंदाच्या भरात भोंग्याला आपल्या मागावरचा तुटलेला धागा दिसला नव्हता.

कचेरीची खोली लहान. टेबल, चार खुर्च्या, लोखंडी कपाटं, पलीकडे टाइप करणारे कारकून. ताई आणि कुलूपवाला नोंदणी करणाऱ्या साहेबांसमोर शेजारी शेजारी बसले. भाऊ न बोलावता आला आणि हाताची घडी घालून दाराशी उभा राहिला.

साहेबांनी विचारलं, "बाई, हे लग्न तुम्ही स्वतःच्या मर्जीनं करताय?"

ताईच्या छातीत मागखातं सुरू झालं होतं. तिनं सवयीनं भोंग्याकडे बघितलं आणि उत्तर दिलं. ओठ हलले, आवाज नाही.

साहेब थांबले. भाऊ तीरासारखा पुढं आला. "बघा साहेब, तोंडातून ब्र निघत नाही! फूस लावलीय हिला!"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई बोलणार नसतील तर मला पुढं जाता येणार नाही. दुसरी तारीख घ्या."

दुसरी तारीख! तोवर भाऊ काय काय करेल, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. रडेल, नातेवाईक गोळा करेल, पोरांना पुढं करेल. आणि पोरं गळ्यात पडली की आपण विरघळणार, हेही तिला ठाऊक होतं.

भोंगा उसळली. "बोलली की ती! मी ऐकलं ना! आमच्या मागांवर असंच बोलतात."

"तुम्ही ऐकून भागत नाही. मला ऐकू आलं पाहिजे."

तेव्हा कुठं ताईला आपली चूक कळली. आधी हसू फुटलं, मग तळपायाची आग मस्तकाला गेली. जन्मभर ह्याच्यासाठी तोंड मिटून राबले, आणि आज हा त्या मिटल्या तोंडाचंच भांडवल करतोय! ती उठली. मागखात्यात एकच आवाज चालतो, कुणाची बाही पट्ट्यात अडकली की माग थांबवायला ठोकतात ती आरोळी. तीच तिनं ठोकली.

"हो! करायचंय! ह्याच्याशीच, आणि माझ्या मर्जीनं!"

पलीकडची खडखड बंद पडली. साहेब खुर्चीसकट मागं सरकले. "आलं, आलं ऐकू. खालच्या मजल्यावरही आलं असेल." मग त्यांनी कुलूपवाल्याला विचारलं. त्यानं घसा खाकरला आणि जमेल तेवढा ओरडला, "माझ्यापण मर्जीनं!" कारकुनांसकट सगळे हसले.

सह्या झाल्या. भोंगा साक्षीदाराच्या जागी सही करत होती, तेवढ्यात भाऊ दारातून म्हणाला, "ताई, लोक काय म्हणतील, विचार केलास?"

ताईनं त्याच्याकडे बघून नुसते ओठ हलवले.

"काय म्हणाली ही?" त्यानं भोंग्याला विचारलं.

"'म्हणू देत,' म्हणाली." भोंग्यानं पेनाला टोपण लावलं. "इतकी वर्षं एका घरात राहिलास. एकदा तरी तिच्या तोंडाकडे बघितलं असतंस, तर आज मला विचारावं लागलं नसतं."