भिंतीपलीकडचा माग

भागूआत्या गेली, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. गिरणीच्या हापिसातून जेवायला घरी येत होतो, बोळात वळलो आणि पाय थबकला. आत्याच्या शेजारच्या नरसय्या विणकराचा माग बंद होता. आमच्या बोळात दिवसाउजेडी माग थांबतो तो सणाला नाहीतर मयताला, आणि सण तर नव्हता... नरसय्या दारात उभा होता, अंगाला कापूस तसाच चिकटलेला. "तात्या, आपली पंतुलम्मा गेली," एवढंच म्हणाला. पंतुलम्मा म्हणजे त्यांच्या तेलुगूत मास्तरीणबाई.

महिना लोटला. मध्यंतरी शाळेच्या संस्थेनं शोकसभा घेतली आणि चिटणीसांनी आत्याचं वर्णन 'संस्थेच्या एक हितचिंतक' असं केलं. हितचिंतक! राग मला शोभत नाही, हे कबूल. चिडलो की माझा आवाज चिरकतो आणि घरातली पोरं तोंडावर हात धरून हसतात. सभेतही उठून बोलायला गेलो तर नुसता ठसकाच लागला. शेजारच्यांना वाटलं, दुःखानं कंठ दाटला. म्हणून आता लिहितो. लिहिताना ठसका लागत नाही.

ती शाळा आत्याची होती. आत्या सांगोल्याकडची, मेंढरांमागं वाढलेली. लग्न होऊन सोलापुरात आली, प्लेगात नवरा गेला, मग पाद्र्यांच्या शाळेत शिकून फायनल पास झाली आणि नरसय्याच्या मागाला लागून असलेल्या आपल्या खोलीत विणकरांच्या पोरींना बसवू लागली. शाळेला घंटा नव्हती. आत्याकडं मागावरचा एक जुना धोटा होता. सकाळी तो भिंतीवर दोनदा आपटायचा, की पलीकडं नरसय्या माग सुरू करायचा आणि अलीकडं पाढे. धोटा इकडून गेला की 'बे एके', तिकडून आला की 'बे'. घरी सुताच्या कांड्या भरता भरता तोच ठेका कानात असलेल्या पोरी तीसपर्यंत सहज जात. मीही त्याच जमिनीवर बसून शिकलो. सतराच्या पाढ्यात आजही अडखळतो, पण तो दोष मागाचा नव्हे.

पुढं शाळा वाढली, गावातल्या प्रतिष्ठितांची संस्था झाली आणि सरकारी मान्यतेसाठी तपासणी ठरली. चिटणीसांनी चार दिवस आधी फर्मान काढलं, "साहेबांसमोर ही खटखट नको." नरसय्याचा माग बंद. जमीन सारवली, तोरण बांधलं, आणि दोन इंग्रजी इयत्ता शिकलो म्हणून इंग्रजीत स्वागत करायला मला उभं केलं. उसन्या आणलेल्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. माझं इंग्रजी ऐकून तपासणीला आलेल्या डिप्टीसाहेबांनी मराठीत विचारलं, "हे तेलुगू का?"

मग त्यांनी पोरींना बाराचा पाढा विचारला. पोरींनी तोंडं उघडली, आवाज फुटेना. दुसरी रांग, तिसरी रांग... चिडीचूप. चिटणीस आत्याकडं असे बघत होते, की जणू तिनं त्यांचं नाकच कापलं. आत्या उठली.

"सायेब, ह्यास्नी येतंय समदं. पर ह्यांची जीब मागाच्या ठेक्यावर चालती, आन् ह्या शाण्यांनी मागच बंद केलाय की!" धोटा भिंतीवर दोनदा हाणून ती नरसय्याला ओरडली, "तम्मी, चालव!" तम्मी म्हणजे त्यांच्यात धाकटा भाऊ.

पलीकडं खटखट सुरू झाली आणि पोरी सुटल्या. बारा, एकोणीस, पावकी, निमकी. साहेब आधी दचकले, मग हसले, मग बोटांनी टेबलावर ठेका धरून बसले. शेरा इतका चांगला आला, की चिटणीसांनी तो चौकात वाचून दाखवला. पेढे वाटले. हार अध्यक्षांच्या गळ्यात पडला.

आणि त्या चांगल्या शेऱ्यानंच घात केला. मान्यता मिळाली, मग मान्य शाळेला शोभेशी इमारत हवी. ती स्टेशनापलीकडं घेतली. मान्य शाळेला ट्रेनिंग झालेला हेडमास्तर हवा. तो बाहेरून आणला. आत्याला शाल आणि नारळ.

"म्हंजी शेरा चांगला आला, म्हनून मी वंगाळ झाले व्हय?" तिनं विचारलं.

"बाई, नियम आहे," चिटणीस म्हणाले.

नियम! आमच्या बोळातल्या धाकट्या पोरींना कोण रोज स्टेशनापलीकडं सोडणार? त्या परत कांड्या भरायला बसल्या. आत्या एकदाच नवी शाळा बघून आली. "लई शांत हाय तितं," म्हणाली. पण रोज सकाळी त्या रिकाम्या खोलीतून धोटा दोनदा भिंतीवर वाजायचा आणि नरसय्या माग सुरू करायचा. शेवटच्या दिवसापर्यंत.

परवा चिटणीस आत्याच्या खोलीवर आले. शाळेच्या नव्या सभागृहात तिचा फोटो लावायचा आहे, सोबत तो धोटाही काचेच्या पेटीत शोभेल, म्हणाले. मी तिचं सामान आवरत होतो. सकाळची वेळ, आणि माग अजून सुरू नव्हता. भिंतीपलीकडून नरसय्याचा खोकला ऐकू येत होता. आत्याचे दिवस होऊन गेले तरी हा माणूस रोज मागावर बसून कशाची तरी वाट बघतो, मगच हात चालवतो, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं होतं.

"संस्थेवर त्यांचे उपकार..." चिटणीसांनी सुरुवात केली.

मी कोनाड्यातला धोटा उचलला आणि भिंतीवर दोनदा हाणला. जरा जास्तच जोरात, पोपडा पडला. पलीकडं क्षणभर काहीच नाही... मग माग असा सुरू झाला, की खोली हादरली.

चिटणीसांचे ओठ बराच वेळ हलत होते. ते काय म्हणाले, मला ऐकू आलं नाही.