कोरडी पट्टी

"मावशी, तू कधीपासून सर्जन झालीस?"

सर हे भर वॉर्डात म्हणाले. मागे उभे असलेले तिन्ही शिकाऊ डॉक्टर हसले. सिस्टर हसल्या. आणि खरं सांगते, मीही हसले. सरांनी विनोद केला की मावश्यांनी हसायचं असतं, ती सवयच लागलेली. समोरच्या बेडवर माझी आई होती. तिने माझं ते हसू पाहिलं.

सानपाड्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात मी अकरा वर्षं मावशी आहे. वय चौतीस, पण सत्तरीचे आजोबाही मला मावशीच म्हणतात. चादरी, बेडपॅन, लघवीच्या पिशव्या, रक्तापुवाच्या पट्ट्या. ही आमची कामं.

आमच्याकडे एक पद्धत होती. सर राऊंडला यायच्या आत वॉर्ड चकाचक दिसला पाहिजे. पोटावरची पट्टी ओली दिसली की सिस्टरना बोलणी बसतात. म्हणून नऊच्या आत वरचे पॅड बदलायचे, जुने कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचे आणि पिशवी खाली पाठवायची. काम सिस्टरचं, हात आमचे. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

आई तळवलीची. तिच्या आतड्याला पीळ पडला. दोन दिवस पोट फुगलेलं, उलट्या, वारा सरेना. आम्ही शहाण्यांनी आधी ओवा दिला. मग मीच तिला माझ्या हॉस्पिटलात आणलं. माझी माणसं आहेत, नीट बघतील, असं घरी छाती पुढे काढून सांगितलं. सरांनी काळं पडलेलं आतडं कापलं, टोकं जोडली, छातीखालून बेंबीच्या खालपर्यंत पोट शिवलं. हात चांगला त्यांचा. हे मी आजही म्हणते. पाचव्या दिवशी वारा सरला तेव्हा आई लाजून चूर झाली आणि मी मात्र पेढे वाटायचीच बाकी राहिले होते.

सहाव्या दिवशी सकाळी पॅड भिजला होता. पू नव्हता, वासही नव्हता. मटण धुतल्यावर येतं तसं फिकट लाल पाणी.

आई म्हणाली, "बाय, पोटान कायतरी सुटल्यावानी वाटतं."

अकरा वर्षांत असं पाणी मी दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा वरची कातडी नीट दिसत होती, आतले टाके सुटले होते आणि दिवस मावळायच्या आत पोट उघडलं होतं. मी सिस्टरकडे धावले.

"सरांना सांग ना तूच," त्या म्हणाल्या. "पण आधी पॅड बदल, नऊ वाजले."

मी बदलला. माझ्या आईचा पॅड, माझ्या हातांनी, पिवळ्या पिशवीत. पिशवी खाली गेली.

सर आले. मी म्हणाले, "सर, आईची पट्टी भिजत होती. लालसर पाणी येतंय. आतले टाके बघता का?"

त्यांनी पांढऱ्याशुभ्र पट्टीकडे पाहिलं. "कोरडी ठणठणीत तर आहे." मग ते सर्जनचं वाक्य. मग हसणं. मग, "जा, बाथरूम बघ. वास येतोय."

मी गेले. आईचं पोट आतून उसवत होतं आणि मी बाथरूम घासत होते. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुपारी जेवणाच्या वेळी आईला खोकला आला. चादर ओली झाली. मी चादर उचलली तर आतडं बाहेर. सिस्टरना हाक मारली, सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर झाकलं. आई खाली बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय झाला गं?"

"काय नाय आई. टाका सैल झालाय."

पुन्हा ऑपरेशन झालं. मग ताप, मग पोटभर इन्फेक्शन. दुसऱ्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी आई गेली. वेळेवर कळलं असतं तर वाचली असती का, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. हे न कळणं मला रोज खातं.

पोट उघडलं त्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर सर म्हणाले होते, "सकाळी ओलं होतं, तर पॅड दाखवायचा ना मावशी."

मी म्हणाले होते, "हो सर."

तेरावं करून कामावर आले. महिन्याभरात जुईनगरचे एक काका आले. आतड्याचंच ऑपरेशन. सातव्या दिवशी सकाळी तेच पाणी.

"मावशी, पॅड बदल. सर येतायत."

"नाही बदलणार."

"काय?"

"सर बघतील, मग बदलू."

सिस्टर स्वतः पुढे आल्या तशी मी बेडच्या आडवी उभी राहिले. सर आले. ओली पट्टी पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? कोणाचं काम हे?"

"माझं. पॅड मीच राहू दिलाय. माझ्या आईचा मी फेकला होता. ह्यांचा फेकणार नाही. तुम्ही हात लावून बघा."

कोणी हसलं नाही. सरांनी ग्लोव्ह्ज घातले, पॅड उचलला, टाक्यांच्या कडेने बोटं फिरवली आणि थिएटर तयार ठेवायला सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. काका पुढे बरे होऊन चालत घरी गेले. मला मेमो मिळाला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन, कामात अडथळा. माफीचं पत्र लिहून द्या म्हणाले. मी दिलं नाही, देणारही नाही.

काढायचं तर काढा. मी असेपर्यंत ह्या वॉर्डात ओली पट्टी राऊंडच्या आधी निघणार नाही. आणि सरांनी पुन्हा तो विनोद केला, तर मी हसणार नाही.